साळिंदराच्या खोलीतली खिडकी

दार माझ्या डोक्यावर आपटत होतं. बाहेरून कुणीतरी ढकलत होतं आणि ते मला लागून अडत होतं. बाजूला सरकायला हवं हे मला कळत होतं, पण सरकता येत नव्हतं. हात माझेच, पण सांगितलेलं ऐकत नव्हते. गाल लाकडी जमिनीला टेकलेला आणि नाकाशी ओला टॉवेल. तो टॉवेल दाराखालच्या फटीत मीच कोंबला होता, तासाभरापूर्वी, पायानं दाबून दाबून.

मागे खाटेवर सून होती. तिच्या कुशीत बाळ, सदतीस दिवसांची माझी नात. खाटेच्या पलीकडे विहीणबाई, म्हणजे सुनेची आई. कुणाचाच आवाज येत नव्हता. बाळही रडत नव्हतं. मी दारापर्यंत सरपटत आले होते ती एकटीच. बाळाला घेतलं नव्हतं. लोक मला म्हणतात, काकू, तुम्ही मदत आणायला निघाला होतात. मी तसं काही ठरवून निघाले नव्हते. मला बाहेर जायचं होतं, एवढंच.

दुपारचे बारा वाजले होते. बाहेर बर्फावर लख्ख ऊन होतं.

ती जागा म्हणजे मुलांचा उन्हाळी कॅम्प. न्युरेम्बर्गपासून गाडीनं दीड तास, डोंगरात, सरळसोट काळ्या झाडांच्या रानात. उन्हाळ्यात शहरातली जर्मन मुलं तिथे येऊन राहतात, तळ्यात पोहतात. हिवाळ्यात तिकडे कुत्रंही फिरकत नाही, म्हणून स्वस्तात मिळतो. आमच्या ओळखीची मराठी घरं, बहुतेक कंप्युटरवाली, आणि झिंडेलफिंगेनहून गाड्यांच्या कारखान्यातली तीन-चार, अशी सगळी मिळून नाताळच्या सुट्टीत चार दिवस तो घेतात. पुढाकार माझ्या मुलाचा. किल्ल्या त्याच्याकडे.

मला ती जागा पहिल्या वर्षापासून आवडली नाही. मुलांची जागा आणि मुलं नाहीत. झोपाळ्यांच्या साखळ्या वर गुंडाळून ठेवलेल्या. तळं गोठलेलं, त्यावर उडी मारायची फळी, आणि फळीवर हातभर बर्फ. आठ लाकडी खोल्या, दर दारावर एकेका जनावराचं चित्र. आत शिरलं की माझ्या कमरेच्या उंचीवर खुंट्या आणि खुंट्यांखाली मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या, तशाच राहून गेलेल्या. आमची खोली साळिंदराची. तिथे कोपऱ्यात एक रबरी चप्पल होती, एकाच पायाची, आणि खुंटीला पोहायचा चष्मा लटकत होता. वरच्या खाटेच्या फळीवर कुणीतरी नखानं रेघा ओढल्या होत्या, घरी जायचे दिवस मोजायला असतील. तिथे पडलं की मला वाटायचं, या मुलांना न्यायला कुणी आलंच नाही.

माणसं मात्र चांगली. आपल्या गावात उरुसाला जशी कामं वाटली जातात तशी तिथे वाटली जात. पुरुष बर्फ ओढत, लाकडं आणत. बायका मोठ्या हॉलमध्ये स्वयंपाक करत. हॉलमध्ये लाकडं जाळायची लोखंडी भट्टी होती, तिच्याभोवती दिवसभर गप्पा. पोरं बाहेर घसरगुंड्या खेळून ओली होऊन येत. ती आपसात जर्मन बोलत. माझी मोठी नात सात वर्षांची, तिला मराठी सगळं कळतं, इतरांना उत्तर जर्मनमध्ये देते, माझ्याशी मात्र मराठीत बोलते. ती माझी दुभाषी.

दुभाषी लागायची ती कॅम्प सांभाळणाऱ्या बाईशी बोलायला. ती माझ्याच वयाची, सत्तरीच्या पुढची. उंच, पुरुषासारखे हात. हॉलच्या दाराशी पितळेची घंटा होती, उन्हाळ्यात मुलांना जेवायला बोलवायची. आम्ही असलो तरी ती बाई बाराला ती वाजवायची. बारा म्हणजे बारा. आमच्या लोकांचे बारा म्हणजे सव्वा. घंटा झाली तेव्हा भाताला आधण आलेलं असायचं. सगळे हसायचे, तिला घंटावाली म्हणायचे. "काकू, तुमची मैत्रीण आधी पलटणीत होती का हो?" असं मला विचारायचे. तिला कळायचं नाही, पण आपल्यावर हसतात एवढं कळायचं. तरी दुसऱ्या दिवशी घंटा बाराला.

त्या वर्षी एक नवा नियम आला. बाळंतीण सोबत होती. बाळंतिणीचं ताट आधी. ते वाढून झाकून तिच्या खोलीवर पोचल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही. पहिल्या दिवशी ताट मी नेलं. बर्फात पाय घसरत होते. दुसऱ्या दिवशी घंटावालीनं ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि स्वतः निघाली, वाफ जाईल म्हणून वर आपली लोकरीची टोपी ठेवून. तेव्हापासून ते काम तिचं. त्याआधी भात होईपर्यंत ती भांड्याशी उभी राहिली होती. तिसऱ्या दिवशी बायकांनी धास्तावून आधी बाळंतिणीपुरता भात टाकला.

बाळंतिणीला तिथे न्यायला मी तयार नव्हते. चाळीस दिवस झाले नव्हते. पण सून घरात बसून कंटाळली होती. तिला चार माणसं हवी होती. विहीणबाई म्हणाल्या, जाऊ द्या, तिलाही बरं वाटेल. शेवटी मी म्हटलं, चला, पण तेल, अंघोळ, शेक, धुरी, सगळं घरच्यासारखं होणार. त्यात खळ नाही.

शेक देण्यात माझा हात धरणारं आमच्या गावात कुणी नव्हतं. शाळा माझी चौथीपर्यंत, पण हे मला येत होतं. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, निखाऱ्यावर ओवा, लसणाची सालं, वावडिंग. पोरीच्या कमरेची कळ त्यानं जाते, बाळाला सर्दी होत नाही. मी कितीजणींना दिला त्याची गणती नाही. जर्मनीत हे जमत नव्हतं. फ्लॅटमध्ये विजेची शेगडी. तव्यावर फडकं तापवायचं आणि चिमूटभर ओवा टाकायचा, तेवढ्यानंही छताला लावलेला तो धुराचा अलार्म किंचाळायचा. इथल्या आपल्या सगळ्या घरांत त्यावर एकच उपाय. फोडणी द्यायच्या आधी अलार्मवर अंघोळीची प्लास्टिकची टोपी चढवायची. कुणी कुणाला शिकवत नाही, सगळ्यांना माहीत असतं.

साळिंदराच्या खोलीतही तेच केलं. पहिल्याच दिवशी. मी खुर्चीवर चढले, खुर्ची मुलांची, बुटकी. विहीणबाईंनी ती धरून ठेवली.

"पडलात तर मी नाही उचलणार हं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "तुम्ही नुसतं धरा. बँकेत बसून कंबर तुमची गेली, माझी नाही."

त्या हसल्या आणि खुर्ची हलली, मग मीही हसले. टोपीवर निळी फुलं होती. ती टोपी विहीणबाईंची होती.

विहीणबाई पुण्याच्या, शिकलेल्या, नोकरी करून निवृत्त झालेल्या. यजमान आधीच गेलेले. लेकीच्या बाळंतपणासाठी तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. आमचं वाईट नव्हतं, पण माझ्या घरात येऊन त्या मला वाचलेलं सांगायच्या. बाळाला पाणी पाजू नका, टाळूवर तेल थापू नका. मी ऐकून घ्यायची आणि माझं करायची. त्यांच्या हृदयाला गोळ्या चालू होत्या. रविवार ते शनिवार खणांची ती प्लास्टिकची डबी कायम त्यांच्या उशाशी.

खरी भांडणाची गोष्ट खिडकी होती. जर्मन माणूस हिवाळ्यातही सकाळ-संध्याकाळ खिडक्या सताड उघडतो, पाच-दहा मिनिटं. त्याला ते ल्युफ्टन म्हणतात. आमच्या इमारतीत त्यासाठी कागद लावलाय. घंटावाली रोज सकाळी आठही खोल्यांत फिरून ते करायची. खिडक्या तिनं मधे बदलून घेतल्या होत्या, हिवाळ्यातही लोक यावेत म्हणून. दोन काचांच्या, कडेनं रबर. मूठ खाली असली की बंद, आडवी केली की उघडी, वर केली की नुसती तिरकी. बंद केली की बाहेरचा पोरांचा आवाजही यायचा नाही.

साळिंदराच्या खोलीत ती आली की मी बाळावर पदर धरून उभी राहायची. ती गेली की खिडकी बंद करायची. दुसऱ्या दिवशी तिनं मला बंद करताना पाहिलं. ती नातीला काहीतरी बोलली, शांतपणे, पण बराच वेळ. नात मला म्हणाली, "आजी, हवा बदलायला पाहिजे म्हणते. जुनी हवा आत राहते."

"तिला सांग, हवा जुनी होत नसते. बाळंतीण आहे इथं."

नातीनं काय सांगितलं कोण जाणे. घंटावालीनं माझ्याकडे पाहिलं आणि "या, या," म्हणजे हो, हो, म्हणत निघून गेली. विहीणबाई म्हणाल्या, ती बरोबर बोलतेय. मला राग आला होता तो त्यांचा. परक्या बाईसमोर त्यांनी तिची बाजू घेतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुरुषांनी बाहेर बर्फावर कोळशाची मोठी जाळी पेटवली, भरताची वांगी भाजायला. तो वास मला खोलीत बसून आला. कितीतरी वर्षांत मी खरा निखारा बघितला नव्हता. शाल घेऊन बाहेर गेले. कोळसा छान फुलला होता, वर पांढरी राख, आत लाल. माझे हात शिवशिवले.

जाळीपाशी झिंडेलफिंगेनचा एक उंच इंजिनियर उभा होता. मी हॉलमधून पोलादी परात आणली आणि त्याला म्हटलं, निखारे दे, सुनेला शेकायला हवेत. तो म्हणाला, माझी आईसुद्धा असंच करायची काकू. त्यानं परात भरून दिली, मी म्हटलं होतं त्याहून जास्त, आणि दारापर्यंत स्वतः आणून दिली. नंतर मला कळलं की कारखान्यात गाड्यांच्या धुराचं माप घेणं हेच त्याचं काम आहे. मी त्याला दोष देत नाही. त्याला तिथे परात दिसली नाही, आई दिसली.

आगीची मला समज होती. खाटेखाली परात दोन विटांवर ठेवली. खाटेवरची गादी काढून फळ्यांवर गोधडी घातली. पाण्याची भरलेली बादली शेजारी घेतली. साडेदहाला बाळाची आणि सुनेची अंघोळ झाली. दोघींच्या कानांना फडकी बांधली. मग दार लावून घेतलं. खालच्या फटीतून गार वारा पायाला लागत होता, तिथे टॉवेल कोंबला. विजेचा हिटर त्या दिवशी बंदच पडला होता, सगळ्या खोल्यांतले एकदम लावले की तारच जायची. निखाऱ्यांनी खोली बघता बघता उबदार झाली. मी ओवा टाकला. अलार्म टोपी घालून गप्प होता.

विहीणबाई पलीकडे, खिडकीच्या बाजूला, त्या बुटक्या खुर्चीत बसल्या होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "खिडकी जरा तिरकी ठेवू या का? बोटभर."

मी म्हटलं, "बोटभर फटीतूनच वारा लागतो, विहीणबाई. उद्या बाळाचा कान दुखला तर निस्तरणार कोण? तुम्ही काय, पंधरा दिवसांनी विमानात बसाल."

खिडकीची मूठ अर्धवट वाटत होती म्हणून मी उठून ती पक्की खाली दाबली. जाग्यावर येऊन बसले. हे मी केलं. दुसऱ्या कुणी नाही.

गावाकडे मी ज्या खोल्यांत शेक दिला त्यांना वर कौलं होती. कौलांच्या फटींतून ऊन आत यायचं आणि धूर बाहेर जायचा. माझ्या हाताचा गुण त्यात किती आणि कौलांचा किती, याचा मी कधी विचार केला नव्हता.

सून म्हणाली, "आई, डोकं दुखतंय हो." मी म्हटलं, पोटात काही नाही म्हणून, आता ताट येईल. विहीणबाई म्हणाल्या, मला कसंतरी होतंय, झोप येतेय. मी म्हटलं, शेकानं झोप येतेच. बाळ तर इतकं गाढ झोपलं होतं की मला बरं वाटलं. पाच आठवड्यांत ती इतकी शांत झोपली नव्हती. मी तिच्याकडे बघत बसले होते. गाल गुलाबी झाले होते. मला वाटलं, बघा म्हणावं आता पुण्याच्या बाईला, शेक कसा लागू पडतो.

मग मी उठायला गेले आणि पाय नव्हतेच.

पुढचं मला लोकांनी सांगितलं. घंटा बाराला झाली. हॉलमध्ये वांगी अजून सोलत होते, पण बाळंतिणीपुरता वरण-भात तयार होता. घंटावाली ताट घेऊन निघाली. तिनं दारावर थाप मारली, कुणी ओ दिली नाही. ढकललं, तर दार थोडं हलून अडलं. तिनं ताट बर्फात टाकलं आणि खांदा लावला. ताट तूप-भातासकट तिथेच पालथं पडलं होतं, दुसऱ्या दिवशीपर्यंत.

दार तिनं माझ्यासकट ढकलून उघडलं. श्वास रोखून आत गेली. आधी बाळ आणलं आणि सरळ उघड्यावर, बोचऱ्या वाऱ्यात धरलं. ज्या वाऱ्याला मी जपत होते त्यातच. मग ओरडली. पुरुष धावले. सुनेला गोधडीसकट ओढून काढलं. मग मला. विहीणबाई सगळ्यांत आत होत्या, त्या शेवटी. पोरांच्या घसरगाड्यांवर आम्हाला घालून रस्त्यापर्यंत ओढत नेलं, कारण ॲम्ब्युलन्स वर चढत नव्हती. रस्त्यापर्यंतची ती वाट आदल्या दिवशी त्याच लोकांनी साफ केली होती. त्यांनी ती हसत खेळत केली होती, बर्फाचे गोळे मारत.

दवाखान्यात सांगितलं की निखाऱ्यातून एक वायू निघतो, त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत तो साठतो. आणखी अर्धा तास लागला असता तर चौघींतली एकही राहिली नसती, असं डॉक्टरीणबाई म्हणाली. मी मनात हिशेब केला. आमच्या लोकांच्या घड्याळानं ताट आलं असतं तर एक वाजून गेला असता.

सुनेला आणि बाळाला दूर मोठ्या दवाखान्यात नेलं आणि लोखंडी पिंपासारख्या खोलीत घालून प्राणवायू दिला. तीन दिवस बाळाचं काही सांगता येत नव्हतं. माझा मुलगा तिकडे. माझ्यापाशी आळीपाळीनं बायका बसत. सुनेच्या दुधात औषधं उतरतील म्हणून बाळाला ते चालणार नव्हतं. आमच्यातल्या एकीचं मूल अंगावर पीत होतं, ती आपलं दूध काढून बाटलीतून पाठवायची. कुणी तिला सांगितलं नव्हतं.

विहीणबाई वाटेतच गेल्या होत्या. मला ते दुसऱ्या दिवशी सांगितलं. सांगायला मुलगा आला. मी विचारलं, "त्यांच्या गोळ्या उशाशी राहिल्या असतील, आणल्या का?" मग तो रडला आणि मला कळलं.

पोलीस आले होते. मुलगा म्हणाला, आई, विचारतील तेवढंच सांग. त्यांनी विचारलं, खिडकी उघडी होती का. मी म्हटलं, नव्हती. कुणी बंद केली? मी केली. मुलानं जर्मनमध्ये सांगायला जरा वेळ लावला. अपघात म्हणून फाइल बंद झाली. बारा दिवस आमच्या घरी चूल पेटली नाही. डबे येत होते, दाराशी ठेवून लोक निघून जात, घंटीही वाजवत नसत. विमानात अस्थी गेल्या, मुलाच्या ऑफिसातल्या एकाच्या पिशवीतून.

त्यानंतर घरात मी खिडकी बंद ठेवू शकत नाही. बाहेर बर्फ असला तरी स्वयंपाकघराची उघडी. मुलगा हिटरचं बिल दाखवतो. ओव्याचा वास मला येतो, घरात ओवा नाही तरी. कधी दुपारी बारा वाजता मी नुसती दाराकडे बघत बसते. आणि बुटकी खुर्ची दिसली, नातीच्या शाळेत वगैरे, की तिच्या पाठीवर एक हात दिसतो. दोन सोन्याच्या बांगड्या असलेला. खुर्ची हलू नये म्हणून धरलेला.

पुढच्या हिवाळ्यात लोकांचं ठरेना, जायचं की नाही. शेवटी त्या इंजिनियरनं सांगितलं, बाई एकटी आहे, आपण गेलो नाही तर तिला वाटेल आपण तिच्यावर रागावलोय. तो कारखान्यातून वायूचा सुगावा लावणारी यंत्रं घेऊन आला, आठ खोल्यांना आठ, आणि स्वतः शिडीवर चढून लावली. प्लास्टिकच्या टोप्या घरून निघतानाच टाकून द्यायच्या असं ठरलं होतं. सगळे गेले. सून बाळाला घेऊन आली. मला वाटलं नव्हतं ती येईल.

सकाळी घंटावाली ल्युफ्टनला निघाली आणि माझ्या दाराशी थांबली. मी शाल घेतली आणि तिच्यामागे गेले. मोठी नात झोपली होती, त्यामुळे बोलायला कुणी नव्हतं. एकेक खोली उघडत गेलो. कोल्हा, घुबड, बेडूक. ती एक खिडकी उघडायची, मी दुसरी. साळिंदराच्या खोलीत कुणी राहिलं नव्हतं. खुंट्यांखालच्या चिठ्ठ्या बदलल्या होत्या, नवी नावं होती. रबरी चप्पल तिथेच होती.

ती खिडकीपाशी गेली. मूठ खाली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मूठ अर्धी फिरवली, पूर्ण आडवी नाही, मधेच, आणि हात तिथेच ठेवला. दुसऱ्या हातानं जमीन दाखवली, खिडकीखालची. मग पुन्हा मूठ. असं दोनदा केलं. मला समजायला वेळ लागला. ती आत आली होती तेव्हा विहीणबाई खुर्चीत नव्हत्या. खिडकीखाली होत्या. आणि मूठ अशी होती.

मी ती पक्की खाली दाबली होती.

मी घंटावालीचा हात बाजूला केला आणि मूठ पुढे ढकलून आडवी केली. ती सहज फिरली. त्याला काही जोर लागत नाही. खिडकी उघडली, गार हवा तोंडावर आली. आम्ही दोघी तिथे उभ्या राहिलो. ती घड्याळ बघणारी बाई, पण तिनं ते बघितलं नाही.

दुपारी हॉलवर गेले तेव्हा सून बाळाला भाताची पेज भरवत होती. बाळ आता धरून उभं राहत होतं. मी समोर बसले आणि सांगितलं, कारण नंतर सांगवलं नसतं.

"खिडकी मी लावली होती. तुझी आई उघडायला गेली होती. मूठ अर्धी फिरवली होती तिनं."

तिनं चमचा खाली ठेवला नाही. बाळाच्या तोंडाला लागलेलं पुसलं.

"मला माहितीये, आई," ती म्हणाली. "मी बघत होते. मम्मी उठली, खिडकीपाशी गेली. मला हाक मारता येत नव्हती. तुम्ही दाराकडे जात होता तेही बघितलं."

वर्षभर ती हे बोलली नव्हती. माझ्यासाठी रोज चहा ठेवत होती, माझ्या गुडघ्याला तेल लावत होती.

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुम्हाला जायचं होतं. मलाही जायचं होतं. मला उठता आलं असतं तर मी बाळाला घेतलं असतं की नाही, मला अजून माहीत नाही."

एवढं म्हणून तिनं बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि वाटी धुवायला गेली. बाहेर घंटा झाली. बारा वाजले होते. सगळे आपापली ताटं घेऊन उठले. आता कुणी हसत नाही, आणि भात वेळेवर होतो.

त्या खोलीत आम्ही चौघी होतो. बाळ वाचलं. सून वाचली. मी वाचले.